मेंदूतला नकाशा वाचतं कोण?

भिंगरी

उंदीर मोकळ्या खोक्यात दाणे टिपत फिरतोय. त्याच्या मेंदूतल्या एका पेशीशेजारी केसाहून बारीक तार बसवलेली आहे. पेशी फायर झाली, म्हणजे तिने विजेचा ठोका दिला, की त्या क्षणी उंदीर जिथे असेल तिथे कागदावर एक टिंब. थोड्या वेळाने कागदावर समभुज त्रिकोणांची जाळी दिसायला लागते, खोक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. खोक्याच्या तळावर अशी कुठलीच नक्षी नाही. दिवे घालवले तरी जाळी टिकते.

ही ग्रिड सेल. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये ती दाखवली. पेशी असते मेंदूच्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या पट्ट्यात, म्हणजे स्मृती आणि जागा सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या उंबरठ्यावर. जाळ्या वेगवेगळ्या मापांच्या असतात, आणि एका मापावरून पुढच्या मापावर जाताना टिंबांमधलं अंतर साधारण १.४ पटीने वाढतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या प्राण्याच्या डोक्यात साठ अंशांचे कोन! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आकृती खरी आहे ना म्हणून दोनदा पाहिली होती.

मुळात नकाशाची कल्पना जुनी. एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये मांडलं की उंदीर 'आधी डावीकडे, मग उजवीकडे' अशी घोकंपट्टी करत नाही, त्याच्या डोक्यात परिसराचा नकाशा तयार होतो. तेव्हा मानसशास्त्रात उद्दीपन-प्रतिसादवाल्यांचं राज्य होतं, त्यामुळे नकाशा कडेला पडला. १९७१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ आणि जोनाथन डॉस्ट्रोव्हस्की यांनी हिप्पोकॅम्पसमधल्या ७६ पेशी ऐकल्या. त्यातल्या अवघ्या ८ अशा निघाल्या, की उंदीर ठरावीक जागी आला की बोलायच्या, एरवी गप्प. या प्लेस सेल्स. पुढे डोक्याची दिशा सांगणाऱ्या पेशी मिळाल्या (उत्तरेकडे तोंड केलं की एक, आग्नेयेला केलं की दुसरी), भिंतीजवळ जागणाऱ्या मिळाल्या, वेग मोजणाऱ्याही मिळाल्या. २०१४ चं नोबेल अर्धं ओकीफ यांना, अर्धं मोझर दांपत्याला.

इथवर सगळं छान. पण मला एका जागी अडायला होतं. नकाशा म्हटला की तो उलगडून बघणारा कुणीतरी लागतो. मेंदूत हा बघणारा कोण? त्यालाही डोळे आणि मेंदू असणार का, आणि मग त्याच्या मेंदूत पुन्हा नकाशा? जाणकारांनी जरा प्रकाश टाका.

उंटावरचा

उंदराच्या डोक्यात भूमिती आणि माझ्या डोक्यावरचा चष्मा मला सापडत नाही. वाचनखूण साठवली. आता उंटावरून शेळ्या हाकत बसतो, चालू द्या.

तर्कट

प्रश्न चांगला आहे, पण माझी तक्रार त्याही आधीची. याला नकाशा म्हणायचंच कशाला?

छापील नकाशात शेजारची गावं कागदावरही शेजारी असतात. हिप्पोकॅम्पसमध्ये तसं नसतं. शेजारी बसलेल्या दोन प्लेस सेल्स खोक्याच्या दोन टोकांसाठी फायर होऊ शकतात. शिवाय खोली बदलली की सगळी वाटणी नव्याने होते: इथे दारापाशी जागणारी पेशी तिथे मधोमध जागते, किंवा जागतच नाही. असा कसा नकाशा?

ग्रिडवाल्यांच्या त्रिकोणांचंही तेच. चौकोनी खोक्याऐवजी एका बाजूला निमुळता होत गेलेला खोका दिला की जाळी वाकडी होते. मोजपट्टीच जागेप्रमाणे वाकत असेल तर तिने मापायचं काय?

आता माणसांवरचा एक प्रयोग, माझा सगळ्यात लाडका. विल्यम वॉरन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा, समोर झाडोऱ्याच्या भिंतींचा भूलभुलैया, आणि त्यात लपवलेले चोरदरवाजे. त्यातून गेलं की माणूस ९० अंशांनी फिरून दुसऱ्याच ठिकाणी निघतो. कागदावर काढताच येणार नाही अशी ही जागा. लोक त्यात मजेत फिरले, ठिकाणं शिकले, जवळच्या वाटा दाखवल्या, आणि जागेत काही गडबड आहे याचा त्यांना पत्ताही लागला नाही. डोक्यात सरळ मोजमापाचा नकाशा असता तर दोन फेऱ्यांत बोंब झाली असती. माझ्या मते डोक्यात असतात ती ठिकाणं, आणि कुठून कुठे जाता येतं याचे दुवे. दुव्यांवर थोडंफार अंतर नि वळण लिहिलेलं. बस.

आणि नकाशाशिवाय केवढं काय करता येतं ते मुंगीकडे बघून कळतं. ट्युनिशियातल्या वाळवंटी मुंग्या अन्न शोधायला वेड्यावाकड्या भटकतात आणि परत मात्र नाकासमोर बिळाकडे येतात. आकाशातल्या प्रकाशावरून दिशा आणि पावलांवरून अंतर. २००६ मध्ये संशोधकांनी दहा मीटर चालून आलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांच्या टाचा चिकटवल्या, काहींचे पाय थोडे छाटले. टाचावाल्या सुमारे पंधरा मीटर जाऊन बीळ शोधायला लागल्या, छाटलेल्या सहा मीटरच्या आतच. पावलांचा हिशोब चोख, पाऊलच बदललेलं.

निळावंती

तर्कटराव, टाचांचा प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगते, मुलं ताडकन जागी होतात.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून उंदीर बाजूला ठेवून माणसांकडून येते. हिप्पोकॅम्पसचं नाव गाजलं ते जागेमुळे नव्हे, स्मृतीमुळे. १९५३ मध्ये हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचा अपस्मार आवरण्यासाठी त्याच्या मेंदूतला दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला, आजूबाजूच्या भागासकट. फिट्स कमी झाल्या. पण त्यानंतर पाच दशकांहून जास्त जगलेल्या या माणसाच्या मनात नवी घटना टिकली नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तो दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे कधी केलंय हे मात्र त्याला दर वेळी नवीन होतं. हात शिकत होते, माणूस विसरत होता.

तेव्हापासून दोन तट आहेत. एक म्हणतो, हे यंत्र मूळचं जागेचं, स्मृती त्यावर चढली. दुसरा म्हणतो, हे स्मृतीचं यंत्र, उंदराच्या आयुष्यात लक्षात ठेवण्यासारखी जागाच फार म्हणून तिथे जागा दिसते.

यात दोन रुग्ण वाचण्यासारखे आहेत. ई. पी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांचा हिप्पोकॅम्पस मेंदूज्वराने गेला होता. त्यांना लहानपणीच्या गावातल्या वाटा विचारल्या तर बिनचूक सांगायचे, नेहमीचा रस्ता बंद असेल तर वळसाही शोधायचे. पण आजारानंतर जिथे राहायला आले त्या वस्तीतलं काहीच सांगता येईना. हा निबंध १९९९ चा. यावरून वाटेल की जुना नकाशा हिप्पोकॅम्पसबाहेर जाऊन बसतो. मग २००६ मध्ये टी. टी. आले. हे लंडनचे टॅक्सीचालक, दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस खराब झालेला. संगणकावरच्या लंडनमध्ये ते मोठ्या हमरस्त्यांवरून व्यवस्थित गाडी नेत, पण गल्लीबोळात शिरायची वेळ आली की हरवत. म्हणजे सांगाडा बाहेर राहतो, बारकाव्यासाठी हिप्पोकॅम्पस लागतो. निदान मी तरी असं वाचते.

जाता जाता, मोलेसन यांना शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी राहायला गेलेल्या घराचा आराखडा काढता यायचा. वर्षानुवर्षं खोल्याखोल्यांतून फिरून तेवढं मुरलं होतं. शेजारच्या भागातला थोडा मेंदू शिल्लक होता, त्याची ही कामगिरी असावी असं मानतात.

आडवाट

वाचतेय. पण भिंगरीचा मूळ प्रश्न राहिलाच की. नकाशा म्हणा, दुवे म्हणा, वापरतं कोण?

भिंगरी

धन्यवाद आडवाट! मधल्या वेळात थोडं वाचलं, ते लिहिते.

१९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवलं की दिवसा ज्या प्लेस सेल्स एकत्र फायर झाल्या, त्या नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र फायर होतात. पुढे दिसलं की पेशींचा क्रमही टिकतो. उंदराला जी धाव घ्यायला काही सेकंद लागले ती झोपेत सेकंदाच्या छोट्या अंशात उरकते. या वेळी हिप्पोकॅम्पसमध्ये विजेची एक झपाट्याची लहर उठते, तिला शार्प वेव्ह रिपल म्हणतात. झोपेतल्या या लहरी वेचून मोडल्या तर उंदीर वाट हळू शिकतो, हे २००९ मध्ये तपासून झालं आहे. तेव्हा ही नुसती डोक्यातली खळखळ नव्हे.

जागेपणीही हे चालतं. उंदीर धावपट्टीच्या टोकाला पोचून थांबला की आलेला रस्ता उलट्या क्रमाने वाजतो (२००६). आणि माझ्या प्रश्नाला जाऊन भिडणारा प्रयोग २०१३ चा, ब्रॅड फायफर आणि डेव्हिड फॉस्टर यांचा. मोकळ्या मैदानात उंदराला खाऊच्या जागी परत जायचंय. निघण्याआधी तो क्षणभर थांबतो, आणि त्याच्या प्लेस सेल्स तो उभा आहे तिथून खाऊपर्यंतच्या वाटेच्या क्रमाने फायर होतात. मग तो बहुतेकदा त्याच वाटेने जातो. सुरुवात आणि शेवट यांची ती जोडी त्याने आधी कधी चाललेली नसली तरीही.

म्हणून माझं मत आता असं झालंय, की हा नकाशा कुणी वाचतच नाही. तो चालवून पाहिला जातो. उंदीर जागच्या जागी राहतो आणि वाट त्याच्यातून जाते. वरती बसून बघणारा कुणी लागत नाही, कारण बघायला चित्र नाहीच, हालचाल आहे. कुठली वाट फळली आणि कुठली नाही हे बाकीच्या मेंदूला या चालण्यातूनच कळत असणार.

हेच निळावंतींच्या रुग्णांना लावून बघा. २००७ मध्ये डेमिस हसाबिस (तेच, नंतर एआयवाले) आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी हिप्पोकॅम्पस गेलेल्या लोकांना सांगितलं, समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात अशी कल्पना करा. बहुतेकांनी सुटे तुकडे सांगितले: पाणी, आकाश, आवाज. त्यांचा एक देखावा काही उभा राहिना. म्हणजे गेलेलं आठवणं आणि न झालेलं कल्पिणं, दोन्हींना उभं राहायला जागा लागते. स्मृतीवाले आणि जागावाले यांचं भांडण मला इथे तरी पोकळ वाटतं.

चकवा

आयडीवरून कळलंच असेल. मला एका इमारतीत एका दाराने आत नेऊन दुसऱ्या दाराने बाहेर काढलं तर मी संपलो. ओळखीचा रस्ता उलट्या बाजूने आला तर तो मला परका असतो. चेहरे, आकडे, कविता सगळं लक्षात राहतं, फक्त दिशा नाहीत. लोकांना वाटतं लक्ष देत नाही. माझ्या जाळीचे त्रिकोण फाटलेत का? आणि फोनवरचा नकाशा वापरून ते अजून फाटतायत का? (हसू नका.)

आडवाट

अजिबात हसत नाही, माझी बहीण अशीच आहे.

फोनबद्दल उलट बाजूने सांगते. लंडनचा टॅक्सी परवाना मिळवायला सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात, तीन-चार वर्षं जातात. मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, पुढचा लहान. तेव्हा लोक म्हणाले, मुळात मोठा असलेलेच या धंद्यात येत असतील. म्हणून कॅथरीन वूलेट आणि मॅग्वायर यांनी ७९ उमेदवारांचं सुरुवातीला आणि नंतर स्कॅनिंग केलं. ३९ उत्तीर्ण झाले, आणि वाढ फक्त त्यांच्यात दिसली. नापासांमध्ये नाही, परीक्षेला न बसलेल्यांमध्येही नाही. (बसचालकांवरही तुलना झाली होती. ठरलेल्या मार्गाने रोज तेवढीच गाडी चालवूनही त्यांच्यात तो फुगवटा नव्हता.) मग जे वापरून वाढतं ते न वापरून आक्रसत असेलच की.

तर्कट

'असेलच की' इथेच घोडं पेंड खातं. फोनविरुद्ध हमखास पुढे केला जाणारा २०२० चा अभ्यास उघडून बघा. एकूण ५० वाहनचालक, त्यातले तीन वर्षांनी पुन्हा तपासले गेले ते १३. जास्त जीपीएस वापरणाऱ्यांची स्मृती जास्त घसरली असं त्यात आहे, हे खरं. पण तेरा शितांवरून एवढ्या मोठ्या भाताची परीक्षा मी करणार नाही.

त्यापेक्षा मोबाईलवरच्या सी हीरो क्वेस्ट या खेळातून निघालेलं मला जास्त वजनदार वाटतं: ३८ देशांतले सुमारे चार लाख लोक. ज्यांचं बालपण चौकटी-चौकटींच्या आखीव शहरात गेलं ते वाटा शोधण्यात सरासरीने मागे पडले, गावाकडे किंवा वेड्यावाकड्या रस्त्यांच्या शहरात वाढलेले पुढे. फरक छोटा आहे. पण फोन दोषी ठरवायच्या आधी रस्त्यांकडे बघा, एवढंच म्हणणं.

निळावंती

चकवा, तुमच्यासाठी जरा सविस्तर.

एक म्हणजे, तुम्ही सांगताय तसं जन्मापासून असणारे लोक आहेत, आणि त्याला नाव आहे: डेव्हलपमेंटल टोपोग्राफिकल डिसओरिएंटेशन. ज्युसेप्पे इयारिया यांनी २००९ मध्ये पहिली अशी व्यक्ती नोंदवली. स्कॅनमध्ये कुठे इजा नाही, बुद्धी उत्तम, बाकीची स्मृती ठणठणीत, पण परिसराचा नकाशा डोक्यात बनत नाही. तुम्हाला तेच आहे असं मी इथून म्हणणार नाही, दिशांमध्ये कच्चं असणं आणि हे यांत बरीच पायऱ्यांची उतरंड आहे.

दुसरं म्हणजे, वाट शोधायला मेंदूकडे दोन रीती आहेत. एक हिप्पोकॅम्पसची: खुणांची आपसातली मांडणी धरून ठेवणं. दुसरी कॉडेट न्यूक्लियसची, म्हणजे सवयी सांभाळणाऱ्या भागाची: 'टाकीपाशी डावीकडे, दोन वळणं सोडून उजवीकडे' अशी सवय. दुसरी झटपट चालते, पण रस्ता उलटा झाला की कोलमडते. तुमची 'दुसऱ्या दाराची' तक्रार वाचून मला हीच आठवली. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते ते करून बघा: वळणावर क्षणभर थांबून मागे वळून बघा, म्हणजे परतीचं दृश्य आधीच पाहिलेलं असेल. आणि लांबून दिसणारी एक खूण धरून ठेवा. जर्मनीतल्या जंगलात आणि सहारात लोकांना सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ गेले, ढग आले की नकळत गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले. डोळे बांधल्यावर तर वीस मीटर व्यासाची वर्तुळं. बाहेरची खूण नसेल तर धडधाकट माणसाचाही आतला हिशोब भरकटतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. आयुष्यभर असंच असणं ही एक गोष्ट. वाटा उत्तम सापडणारी व्यक्ती उतारवयात ओळखीच्या रस्त्यावर हरवायला लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. अल्झायमरची पडझड फार लवकर सुरू होते ती एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या आसपास, म्हणजे भिंगरीच्या जाळीच्याच मोहल्ल्यात.

चकवा

निळावंती, मनापासून आभार. मागे वळून बघायचं आजच सुरू करतो. बहीणवाल्यांनाही +१.

उंटावरचा

अवांतर: दुसऱ्या खोलीत गेल्यावर 'मी इथे का आलो' होतं, ते याच खात्यातलं का?

भिंगरी

हो, गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी यावर प्रयोग केलेत. हातातली वस्तू घेऊन दारातून गेलं की तीबद्दलची आठवण, तेवढंच अंतर एकाच खोलीत चालल्यापेक्षा जास्त गळते. दार म्हणजे मेंदूला एका प्रसंगाचा शेवट वाटतो. नंतरच्या एका अभ्यासात मात्र नुसत्या दाराने फार बिघडलं नाही, डोक्यावर आधीच ओझं असेल तेव्हाच. तेव्हा उंटावरचे, तुमचं ओझं बघा. (हलकेच घ्या.)

आडवाट

माझी एक शंका. हे सगळं सपाट जमिनीवरचं. उडणाऱ्या प्राण्यांचं काय?

तर्कट

वा, याची मी वाटच बघत होतो! वटवाघळं. नाखुम उलानोव्हस्की यांच्या इस्रायलमधल्या प्रयोगशाळेने उडत्या वटवाघळांच्या पेशी बिनतारी यंत्राने ऐकल्या. प्लेस सेल्स हवेत गोळ्यासारखी जागा राखतात, हे २०१३ मध्ये आलं. पण २०२१ मध्ये ग्रिड सेल्स तपासल्या तर तुमची ती रेखीव जाळी हवेत नव्हतीच. भूमितीवाल्यांनी मोठ्या आशेने गणितं मांडून ठेवली होती, की तिन्ही मितींत जाळी अशीच निघणार. निघाली नाही. त्रिकोण खोक्याच्या सपाट तळातून आले होते, म्हणा.

भिंगरी

पूर्ण सांगा की. जाळी नव्हती, पण पसाराही नव्हता. एका पेशीच्या शेजारच्या गोळ्यांमधलं अंतर बऱ्यापैकी सारखं होतं. जवळच्या शेजाऱ्याशी माप धरलेलं, लांबवरची शिस्त सुटलेली.

आणि आखीव जाळीतही एक गोष्ट बघा. २०२२ मध्ये मोझर यांच्याच गटाने शेकडो ग्रिड सेल्स एकदम ऐकल्या. सगळ्यांची मिळून हालचाल गणिताने मांडली तर ती सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबच्या पृष्ठभागावर राहते, आणि उंदीर झोपला, खोका नाही, पावलं नाहीत, तरी ती त्या पृष्ठभागावरून उतरत नाही. म्हणजे खोक्याच्या तळाने नक्षीला हातभार लावला असेल, पण आतला साचा तळावर अवलंबून नाही.

तर्कट

शेजाऱ्याशी माप पक्कं, लांबचं सैल. माझे दुवे नि त्यावर लिहिलेलं थोडंफार अंतर, याहून हे फार वेगळं नाही. ट्यूबचं वाचतो. झोपेतली गोष्ट मला माहीत नव्हती.